कुरणातील शाळा : ताराबाई मोडक

मुंबईतील केळकर घराण्यात १९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार उभे राहिले. परंतु मॉन्टेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, हे त्यांनी ओळखले.

१९४५ साली त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आल्या. अनुताई वाघ सोबतीला होत्या. मुले शाळेकडे फिरकेनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. शंख-शिंपले, बिया, पाने ही साधने झाली.

खरी कसोटी लागली ती १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. वारल्यांचा मुलगा गुरांमागे जाई, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे. गुरांमागे जाऊन शाळेला मुकणारे मूल नार्वे-डिचोलीच्या वाचकाला निराळे समजावून सांगावे लागणार नाही. मुलांना दोष देण्याऐवजी ताराबाईंनी शाळेची घडणच बदलली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एका आवारात आणून ‘विकासवाडी’ केली. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागला. गुरांवर नजर ठेवता ठेवता झाडे, पाखरे, दगड यांतूनच पाठ सुरू होई. आज ज्याला प्रकल्पाधारित शिक्षण म्हणतात, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. कोसबाडला मात्र ती निकड होती.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले.