परक्या लेकरांचे बापू



लोणावळ्याहून आगगाडीने कोल्हापूरला जाताना अगदी शेवटी वळिवडे लागते. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचे गावच वसले होते. त्यातील अनेक मुलांचे 'बापू' होते नवानगरचे हिंदू राजे, जामसाहेब दिग्विजयसिंहजी (१८९५-१९६६).

सोव्हिएत हद्दपारीतून वाचलेल्या या कॅथलिक मुलांना त्यांनी १९४२ साली काठेवाडात बालाचडी येथे आसरा दिला. छावणीचे प्रमुख फादर प्लुता होते. मुलांची भाषा व प्रार्थना टिकली. युद्धानंतर मुलांना सक्तीने परत धाडू नये म्हणून जामसाहेब त्यांचे कायदेशीर पालकही झाले. १९४६ मध्ये छावणी बंद झाल्यावर ती वळिवड्यास आली.

परधर्मीयाने आपली लेकरे सांभाळली. आपल्या दाराशी आलेल्या परक्या लेकराला आपण काय देतो?