विश्लेषण : खंजिरीच्या तालावर विदर्भ कसा जागा झाला? तुकडोजी महाराजांचे भजन वेगळे का ठरले?

वाशिम जिल्ह्यात आज अनेक गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरी वाजते. ही परंपरा ज्यांच्यामुळे रुजली ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज कोण होते आणि त्यांच्या भजनांना इंग्रज सरकार का बिचकले, ते पाहू.

माणिकचा ‘तुकड्या’ कसा झाला?

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. घरची गरिबी, शाळा अर्धवट सुटलेली. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. भजन म्हणून मिळेल त्या भाकरीच्या तुकड्यावर राहणाऱ्या या शिष्याला त्यांनीच ‘तुकड्या’ हे नाव दिले.

भजनात नवे काय होते?

चाल सोपी, भाषा बोलीतली, साथीला खंजिरी. एकाने म्हणायचे, साऱ्यांनी झेलायचे. पण विषय बदलले. देवाच्या नावाबरोबर गावातली घाण, दारू, अस्पृश्यता, पशुबळी आणि लग्नातली उधळपट्टीही भजनात आली. वाचता न येणाऱ्यांपर्यंत हे विचार गाण्यातून पोहोचले. अमेरिकेत १९७१ मध्ये मार्विन गे यांचा युद्ध व गरिबीवर बोलणारा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम गाजला. विदर्भातल्या पारांवर लोकसंगीताने हे काम कितीतरी आधी सुरू केले होते.

तुरुंगवास का झाला?

१९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींसोबत राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी पेटले. या उठावामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा असल्याचे मानले गेले. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सुटकेनंतर त्यांनी सेवा मंडळाच्या कामावर भर दिला.

ग्रामगीता काय सांगते?

१९५५ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. गाव हाच देव, हा तिचा गाभा. श्रमदान, स्वच्छता, स्त्रियांची उन्नती, सामुदायिक विवाह यांसोबत मत कोणाला द्यावे याचाही विचार तिच्यात आहे. त्याच वर्षी जपानमधील विश्वधर्म परिषदेतही त्यांनी भजन गायले. ‘राष्ट्रसंत’ ही ओळख त्यांना राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्यामुळे मिळाली.

आज त्याचे महत्त्व काय?

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले. त्यात वाशिमही होता. पावसाचा लहरीपणा आणि पडलेले भाव यांवर भजन हा उपाय नाही. मात्र लग्नासाठी काढलेले कर्ज, दारूत जाणारा पैसा आणि संकटात एकटे पडणारे घर हे प्रश्न गावाच्या हातातले आहेत. ग्रामगीता बोट ठेवते ते नेमके तिथेच.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे महाराजांचे निधन झाले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात जमलेला जनसागर उभा राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतो.