शेजाऱ्याचा ग्रंथ

मागील वर्षी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मी भाग घेतला होता. विषय सर्वधर्मसमभावाचा होता. भाषण रंगत आले तेव्हा टाळ्यांच्या मोहाने मी एक वाक्य कुराणातले म्हणून ठोकून दिले. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. रात्री वसतिगृहावर परतलो, तेव्हा माझ्या खोलीमित्राने मला एवढेच विचारले, की ते वाक्य कुराणात नेमके कुठे आले आहे. मला उत्तर देता आले नाही. मी ते कुठेच वाचले नव्हते. कोणाच्या तरी तोंडून ऐकले होते. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो काहीच न बोलता पांघरूण घेऊन झोपला.

दोन वर्षे आम्ही एका खोलीत राहत होतो. रमजानच्या महिन्यात पहाटे सहेरीला उठल्यावर माझी झोपमोड होऊ नये म्हणून तो दिवा न लावता अंधारातच दोन घास खाई. ईदला त्याच्या घरचा शिरखुर्मा मी वाटी चाटून पुसून खाल्ला होता. पण त्याचा धर्म काय सांगतो, तो पहाटे उठून जे म्हणतो त्याचा अर्थ काय, हे जाणून घ्यावे असे मला एकदाही वाटले नव्हते! मी फार ओशाळलो. दुसऱ्या दिवशी आमच्या मराठीच्या सरांना सारे सांगितले आणि विचारले, की ज्याला काहीच ठाऊक नाही अशाने इस्लामचा अभ्यास कुठून सुरू करावा? सरांनी ग्रंथालयातून विनोबांचे 'कुराण-सार' काढून दिले आणि म्हणाले, की पुस्तकाआधी ते करणाऱ्या माणसाचे चरित्र वाच. ते मी वाचले. त्यातून मला जे गवसले, ते येथे मांडतो आहे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील बडोद्यास नोकरीला असल्याने शिक्षण तेथे झाले. वडिलांच्या इच्छेने ते शाळेत फ्रेंच शिकले. आईचा ओढा मात्र संस्कृत आणि संतवाङ्मयाकडे. त्या आईची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तिला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते आणि मिळालेले मराठी भाषांतरही कठीण वाटत होते. तेव्हा तिने मुलालाच सुचवले, की तूच का करीत नाहीस? ती १९१८ साली वारली. मुलाने 'गीताई' लिहायला घेतली ती १९३० मध्ये, आणि ती १९३२ साली छापून निघाली. जिच्यासाठी लिहिली तिने ती पाहिली नाही. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी आयांच्या हाती ती पडली.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. दुसऱ्याच्या धर्माकडे वळणारा हा माणूस आपल्या घरचा ग्रंथ खोलवर वाचून मग वळला होता. शिवाय, ग्रंथ साध्या माणसाच्या हाताला लागला पाहिजे, ही शिकवण त्याला आईकडूनच मिळालेली होती.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. तेथून त्याच वर्षी अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात ते गांधीजींना भेटले आणि कायमचे त्यांचे झाले. १९२१ पासून त्यांची कर्मभूमी वर्धा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. हे सारे आपल्याला शाळेत असल्यापासून माहीत असते. पण याच कार्यकर्त्याने वर्ध्याच्या परिसरात राहत असताना अरबी भाषा शिकून कुराण मुळातून वाचले, हे किती जणांना ठाऊक असेल?

त्यांना याची गरज का वाटली? १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली, तेव्हा त्यांची ओळख करून देणारा लेख 'हरिजन' पत्रात लिहिला. त्यात हे कारण आले आहे. आसपास राहणाऱ्या मुसलमानांशी खरा, जिवंत संबंध जुळावा म्हणून विनोबांनी एक वर्ष मूळ कुराणाच्या अभ्यासाला दिले आणि त्यासाठी ते अरबी शिकले. मला वाटते, साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. वादात जिंकण्यासाठी किंवा चुका हुडकण्यासाठी त्यांनी तो ग्रंथ उघडला नाही. धर्म बदलण्याचाही विचार नव्हता. शेजारी कळावा म्हणून शेजाऱ्याचा ग्रंथ त्यांनी हाती घेतला. आणि मी? मी तर तो न उघडताच त्यातले वाक्य सांगून बक्षीस घेऊन आलो होतो!

त्यांच्या अभ्यासाची रीत पाहण्यासारखी आहे. आधी भाषांतरावरून ओळख, मग मूळ. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिचे काही उच्चार आपल्या जिभेला मुळीच सवयीचे नसतात. कंठातून खोल निघणारा 'क' आणि साधा 'क' आपल्याला एकच वाटतात. पण अरबीत पहिल्याने 'कल्ब' म्हटले तर हृदय आणि दुसऱ्याने म्हटले तर कुत्रा! म्हणून विनोबा उच्चारांबाबत फार दक्ष असत. रेडिओवर कुराणपठण लागे, ते कान देऊन ऐकत आणि आपला उच्चार तपासून पाहत. मौलाना आझाद सेवाग्रामला आले असता गांधीजींनी विनोबांना त्यांच्यासमोर कुराण म्हणायला लावले आणि तो शुद्ध पाठ ऐकून मौलाना चकित झाले, ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. मला त्यात विद्वत्तेपेक्षा नम्रता मोठी वाटते. आपण शिकलो ते बरोबर आहे की नाही, हे ज्यांचा तो ग्रंथ आहे त्यांच्यासमोर म्हणून दाखवण्याची त्यांची तयारी होती.

कुराण पहिल्यांदा उघडणाऱ्याची फसगत कशी होते, हे मी अनुभवले आहे. त्यात ११४ सुरा, म्हणजे अध्याय, आणि सहा हजारांहून अधिक आयती आहेत. इ. स. ६१० ते ६३२ या सुमारे तेवीस वर्षांत, काही मक्केत आणि काही मदिनेत, त्या पैगंबरांना प्रकट झाल्या अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. पण ग्रंथातला क्रम त्या काळाप्रमाणे नाही. सात आयतींची पहिली सुरा 'अल्-फातिहा' संपली, की लगेच २८६ आयतींची सर्वांत मोठी सुरा लागते आणि पुढे सर्वसाधारणपणे सुरा लहान लहान होत जातात. कथा वाचावी तसे वाचू गेले तर नवखा माणूस गोंधळतो. कोणती आयत कोणत्या प्रसंगी आली हे ठाऊक नसेल, तर एखादी सुटी ओळ उचलून तिचा भलताच अर्थ काढण्याचा धोका असतो. माझ्या हातून तर त्याहून वाईट घडले. मी उचललेली ओळ त्यात होती की नव्हती, हेही मला ठाऊक नव्हते.

विनोबांनी या अडचणीवर वाट काढली. वर्षानुवर्षे पुनःपुन्हा वाचून त्यांनी हजारेक आयती निवडल्या आणि ईश्वर, भक्ती, नीती, मनुष्य, प्रेषित अशा विषयांप्रमाणे लावल्या. हेच 'कुराण-सार'. ते १९६२ साली प्रसिद्ध झाले. एका बिगरमुसलमानाने कुराणात निवड करावी, याबद्दल पाकिस्तानातील पत्रांतून त्यांच्यावर कडक टीका झाली; आपल्याकडील अनेक मुसलमानांनी मात्र त्यांची बाजू घेतली. मला विचाराल तर टीकेतला प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. निवड म्हटली की काही घेतले जाते, काही राहते. आणि निवडणाऱ्याची आवड त्यात उतरतेच. म्हणून 'सार' हे दार आहे, घर नव्हे. त्यातून आत शिरावे आणि मग संपूर्ण ग्रंथ भाष्यासह, जाणत्याला विचारीत वाचावा. पैगंबरांचे चरित्र मराठीत वाचायचे तर साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' आहे. तेही आस्थेने लिहिलेले आहे.

परंतु विनोबांचा अभ्यास पुस्तकात अडकून पडला नाही, आणि येथेच ते मला सर्वांत मोठे वाटतात. फाळणीच्या दंगलीत अलवर-भरतपूर भागातील मेव मुसलमान उखडले गेले होते. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ साली, विनोबा त्यांच्या पुनर्वसनाच्या कामाला गेले. ज्यांची घरे गेली त्यांना परत वसवण्याचे ते काम होते. तेथे ग्रंथ पाठ असून भागण्यासारखे नव्हते. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले आणि मग तेरा वर्षे पायी यात्रा. १९५९ साली ते काश्मिरात गेले, तेव्हा पीरपंजालचा सुमारे साडेतेरा हजार फूट उंचीचा घाट त्यांनी चौसष्टाव्या वर्षी पायी ओलांडला. १९६२ च्या सप्टेंबरात त्यांनी त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून सोळा दिवस पदयात्रा केली. तेथेही भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि ती मिळाली.

त्यांच्या अखेरच्या काळातील काही भूमिकांबद्दल, विशेषतः आणीबाणीतील, तीव्र मतभेद झाले. ते आजही आहेत. त्यांच्या साऱ्याच मतांची वकिली मला करायची नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला.

यंदा आमच्या वर्गाची सहल सेवाग्राम-पवनारला गेली होती. धाम नदीच्या काठी उभा असताना माझ्या मनात आले, की पंचेचाळीस वर्षांचा होण्याआधीच या माणसाने शेजाऱ्यासाठी परक्या भाषेची मुळाक्षरे गिरवली. आम्ही विशीतले! रेडिओची वाट पाहण्याचीही गरज आम्हांला नाही. हवे ते पठण खिशातल्या मोबाईलवर ऐकता येते. मग अडते कुठे?

परतल्यावर मी खोलीमित्राची क्षमा मागितली. देवनागरीत लिहून घेतलेली पहिली सुरा त्याच्यापुढे ठेवली आणि माझे उच्चार दुरुस्त कर म्हणालो. माझा 'क' ऐकून तो पोट धरून हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, की हे तो लहानपणापासून म्हणत आला आहे. पण शब्दाशब्दाचा अर्थ त्यालाही येत नाही. मलाही संध्येच्या मंत्रांचा अर्थ कुठे येत होता? त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून त्या सात आयतींचा मराठी अर्थ वाचला. दयाळू परमेश्वराची स्तुती आणि सरळ वाटेने ने अशी विनवणी, एवढाच तो अर्थ.

सात आयतींना आम्हांला दोन तास लागले. सहा हजारांहून अधिक अजून बाकी आहेत. पण आता मी त्यातले वाक्य व्यासपीठावर फेकणार नाही. आधी खोलीतल्या माणसाला विचारीन.