पॉल फिट्स : चूक बोटाची नाही, आयकॉनच्या जागेची

मागच्या दिवाळीत माकुणसारला घरी गेलो, तेव्हा बाबांचा फोन आवरून दिला. सगळी ॲप्स फोल्डरमध्ये, होम स्क्रीन एकदम स्वच्छ. मी पुण्याला परतलो आणि आठवड्याभरातच एका रात्री आईला दम लागला. गाडीवाल्या शेजारच्या काकांना फोन करायला बाबांचं बोट सवयीने उजव्या खालच्या कोपऱ्यात गेलं. उघडला कॅमेरा. तीनदा तेच झालं. शेवटी ते अंधारात चालत काकांच्या दारात गेले. आई आता बरी आहे. पण बाबा मला म्हणाले की त्यांचंच चुकलं, त्यांना हे फोन जमत नाहीत.

ते ऐकून मला पॉल फिट्स आठवले. कॉलेजात त्यांचं नाव एका सूत्रापुरतं वाचलं होतं. पण त्यांचं खरं काम नेमकं याच प्रश्नावर होतं : चूक माणसाची की मांडणीची?

फिट्स यांचा जन्म 1912 चा, अमेरिकेतला. शिक्षण मानसशास्त्राचं, 1938 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून पीएचडी. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात गेले आणि 1945 मध्ये तिथल्या वैद्यकीय प्रयोगशाळेच्या मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा विमानाचा अपघात झाला की बऱ्याचदा कागदावर कारण लिहिलं जायचं, पायलटची चूक. विषय संपला.

फिट्स यांनी तो संपू दिला नाही. सहकारी रिचर्ड जोन्स यांच्यासोबत त्यांनी पायलटांकडून अशा 460 चुकांचे अनुभव गोळा केले आणि 1947 मध्ये अहवाल मांडला. जवळपास निम्म्या चुका एकाच जातीच्या होत्या : एक दांडा ओढायचा, हात गेला दुसऱ्यावर. का? बी-25 विमानात डावीकडून थ्रॉटल, प्रोपेलर, मिक्श्चर असा क्रम. सी-47 मध्ये प्रोपेलर, थ्रॉटल, मिक्श्चर. सी-82 मध्ये मिक्श्चर, थ्रॉटल, प्रोपेलर. पायलट विमान बदलायचा, हाताची सवय मात्र जुन्याच विमानातली राहायची. म्हणजे पायलट निष्काळजी नव्हता. दांड्यांच्या जागा सारख्या ठेवा, चुका कमी होतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात असताना, 1954 मध्ये, त्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. दोन धातूच्या पट्ट्या, हातात एक सळई, आणि आळीपाळीने दोन्हींवर टकटक करायची. पट्ट्या जितक्या लांब आणि अरुंद, तितका वेळ जास्त. हा संबंध त्यांनी सूत्रात बसवला. तोच फिट्सचा नियम.

1965 मध्ये, वयाच्या 52व्या वर्षी, ते गेले. डेस्कटॉपवरचा एकही आयकॉन त्यांनी पाहिला नाही. पण 1978 मध्ये झेरॉक्स पार्कच्या संशोधकांनी माउस तपासला, तेव्हा हाच नियम लागू पडला. विंडोज 95 चं स्टार्ट बटण कोपऱ्याजवळ होतं. तो टास्कबार ओढून चारपैकी कुठल्याही कडेला नेता यायचा. 2021 मध्ये विंडोज 11 आलं, तेव्हा ही सोय गेली आणि स्टार्ट बटण मधे आलं. शिवाय जास्त ॲप्स उघडली की ते डावीकडे सरकतं! सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेता येतं, आणि अनेकांनी पहिलं काम तेच केलं.

फिट्स यांनी शेवटच्या वर्षांत कौशल्याचे तीन टप्पे सांगितले होते. आधी आपण विचार करून करतो, मग सरावाने, आणि शेवटी हात आपोआप चालतो. बाबा तिसऱ्या टप्प्यावर होते. ते आयकॉन वाचत नव्हते, त्यांना जागा पाठ होती. मी आवरून त्यांना पुन्हा पहिल्या टप्प्यावर नेऊन सोडलं, आणि तेही न विचारता.

जागा बदलता यायला हवी, यात वाद नाही. पण ती कोणी बदलायची, हे वापरणाऱ्याने ठरवावं. पुढच्या खेपेला मी बाबांच्या शेजारी बसलो, कुठलं ॲप कुठे हवं ते त्यांनाच विचारलं. फोन परत उजव्या कोपऱ्यात गेला. मग होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउट लॉक केला, म्हणजे चुकून काही हलणार नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय असते, तुम्हीही शोधून बघा.

आणि घरातल्या कोणी फोन जमत नाही म्हटलं, तर आधी विचारा, शेवटचं आवरलं कोणी होतं?