कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या वाटेने वारकऱ्यांसोबत पायी गेलेल्या इरावती कर्वे मराठी वाचकाला परिचित आहेत. ‘युगान्त’मुळे तर त्या घराघरांत पोहोचल्या. मात्र माणसांच्या कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाईंची ओळख क्वचितच करून दिली जाते.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला. शिक्षण पुण्यात, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये. पुढे मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्या एम. ए. झाल्या आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात व त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे मूळ आहे, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. असमानता आढळली, पण वंशाशी तिचा काडीचाही संबंध दिसला नाही. परक्या देशात शिकणाऱ्या तरुण विद्यार्थिनीने गुरूला न रुचणारा हा निष्कर्ष प्रबंधात मांडला. फिशर पुढे नाझी वंशवादाचे पाठीराखे झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या धैर्याचे मोल कळते.

हाडांची मापे निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ नव्हे. बेवारस सांगाडा सापडला की तो स्त्रीचा की पुरुषाचा, हा न्यायवैद्यकातील पहिल्या प्रश्नांपैकी एक. कटीच्या हाडांचा आकार प्रसूतीच्या गरजेने घडलेला असल्याने तेथील पुरावा सर्वांत भरवशाचा. स्त्रीच्या जघनास्थीखालील कोन रुंद असतो. कवटीत भुवईवरचा उंचवटा आणि कानामागचे हाड पाहतात, मांडीच्या हाडात वरच्या गोलाचा व्यास मोजतात. क्रॉगमन यांनी १९६२ साली केवळ कटीवरून सुमारे ९५ टक्के, तर केवळ कवटीवरून ९२ टक्के अचूकता सांगितली होती. लांब हाडांवरून ती ८० टक्क्यांवर येते. शिवाय युरोपीय सांगाड्यांवरून आखलेली सीमारेषा इकडे जशीच्या तशी लावली, तर लहान चणीच्या पुरुषाचे हाड स्त्रीचे ठरायचे! मापे ज्या त्या लोकसमूहाचीच हवीत.

अशी मापे गोळा करण्यात इरावतीबाईंनी पुढे कैक वर्षे घालविली. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. १९४४ मध्ये डॉ. सांकलियांसमवेत गुजरातेतील लांघणज येथे उत्खनन करताना अश्मयुगीन मानवी सांगाडे हाती आले. वि. म. दांडेकर यांच्यासह लिहिलेला महाराष्ट्रातील शरीरमापनाचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवंत माणसांची ही मापे त्यांनी जातवार घेतली. फिशरना खोडून काढणाऱ्या बाईंनी तरीही जातींची मापे का घ्यावीत, असा आक्षेप आज घेतला जातो आणि तो रास्त आहे. मात्र त्यांच्या लेखी तो जातींच्या घडणीचा शोध होता, त्यांची प्रतवारी नव्हे.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.