सरखेल कान्होजी आंग्रे आणि त्यांचे आरमार



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. आपल्याला ठाऊक असलेले मोठे पाणी म्हणजे पैनगंगेचे. पण सागवान मात्र आपल्या ओळखीचे आहे. आपल्या जंगलांचे ते वैभवच! सागाच्या लाकडात तेलाचा अंश असतो, त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही गंजत नाहीत. म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावर लढाऊ जहाजे सागाची बांधत. अशा जहाजांच्या बळावर कोकणचा समुद्र राखणाऱ्या एका पुरुषाची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत. ते म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

शिवाजी महाराजांनी इ. स. १६५७ नंतरच्या काळात कल्याण-भिवंडी परिसरात जहाजबांधणी सुरू केली आणि स्वराज्याचे आरमार उभे राहिले. कान्होजींचे वडील तुकोजी याच आरमाराच्या चाकरीत होते. कान्होजींचे बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. भरती-ओहोटी, वारा, खडक, खाड्या हीच त्यांची पाठ्यपुस्तके. पुढे सुवर्णदुर्गाचा किल्लेदार सिद्दीला फितूर होत असताना तरुण कान्होजींनी किल्ला वाचवला, अशी हकिकत सांगतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात ते आरमाराचे प्रमुख म्हणून पुढे आले. सरखेल म्हणजे आरमाराचा सेनापती. अलिबागजवळचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे झाले.

त्या काळी युरोपात लढाऊ जहाजे दिवसेंदिवस मोठी होत होती. दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा, उंच डोलकाठ्या, अनेक शिडे. असे जहाज खोल समुद्रात भारी पडे. पण वारा पडला की जागीच अडके आणि उथळ पाण्यात शिरू शकत नसे. कान्होजींची मुख्य जहाजे दोन प्रकारची होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, साधारण दीडशे ते तीनशे टनांचे असे आणि त्याच्या पुढच्या टोकावरून मोठ्या तोफा समोर मारा करीत. गलबत त्याहून लहान, फार तर ७० टनांचे. त्याला शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा नसला की गलबते गुराबांना ओढत नेत. शत्रूच्या जहाजाला मागून गाठायचे, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. आधी शिडे व दोरखंड तोडायचे, मग चहूबाजूंनी गलबते भिडवून माणसे वर चढवायची, अशी ही रीत होती.

१७१३-१४ साली बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केली आणि कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा आग्रह असे. पोर्तुगीजही पूर्वीपासून असेच परवाने देत. मुंबईच्या इंग्रजांनी मात्र दस्तक मानले नाही आणि कान्होजींना चाचे ठरवले. इंग्रजांनी १७१७ साली विजयदुर्गावर, १७१८ साली खांदेरीवर आणि १७२० साली पुन्हा विजयदुर्गावर चाल केली. शेवटच्या वेळी तर त्यांनी खास तरंगता तोफखाना बांधून आणला होता. तिन्ही वेळा हात हलवीत परतले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. तेव्हा बाजीराव पेशवे फौजेसह मदतीला धावले. पोर्तुगीजांनी तह केला आणि तीही मोहीम फसली. समुद्रावर आरमार आणि जमिनीवर स्वराज्याची फौज, ही जोडी शत्रूला भारी पडली.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. दुर्दैवाने पुढे त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली, दौलतीचे दोन भाग झाले. धाकटे तुळाजी आणि पेशवे यांचे बिनसले. १७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गापाशी तुळाजींचे आरमार जळून खाक झाले. जे काम परक्यांना कान्होजींच्या हयातीत जमले नाही, ते आपल्यातल्या फुटीमुळे एका दिवसात साधले. हे लिहिताना आम्हाला वाईट वाटते. पण विजयाबरोबर हेही मुलांना सांगितले पाहिजे, असे आमचे मत आहे.

स्वतंत्र भारताने या वीराची आठवण ठेवली. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ साली आंग्रे हे नाव देण्यात आले.

मित्रांनो, कान्होजींजवळ शत्रूइतकी मोठी जहाजे नव्हती. पण आपले पाणी त्यांना पुरते ठाऊक होते आणि त्या पाण्याला साजेल असेच साधन त्यांनी वापरले. पालकांना विनंती, की सुट्टीत कोकणात जाणे झाले तर ओहोटीच्या वेळी मुलांना कुलाबा किल्ल्यात चालत घेऊन जावे. आरमार कशाच्या आधाराने उभे होते, हे तिथे आपोआप कळेल.