कै. ताराबाई मोडक

कै. ताराबाई मोडक यांचा जन्म मुंबईस १८९२ साली झाला. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे व्रत घेतले. १९४५ साली त्या बोर्डीस व पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांत गेल्या. तेथील मुली धाकटे भावंड कडेवर घेऊन येत, मुलगे गुरे राखीत. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र करून विकासवाडी उभारली. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. वयाने व गतीने विषम अशा मुलांत प्रत्येकास त्याच्या पावलाने चालू दिले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण लाभले. १९७३ साली त्या निवर्तल्या. आम्ही ज्ञातिबांधवांस इतकेच विनवितो, की पहिल्या क्रमांकाचा सत्कार करताना मागे राहिलेल्या मुलाचे कोठे अडले, तेही आपुलकीने विचारावे.